विमा नसताना सीपॅप : महिन्याच्या भाड्याची सेवा कितपत कामाची?

मत आधीच सांगून टाकतो. झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी लागणारे, मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप मशीन स्वतःच्या खिशातून घ्यायचे असेल, तर ते थेट विकत घेऊ नका. एक महिना, फार तर दोन महिने भाड्याने आणा. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतले वैद्यकीय उपकरणांचे बरेच डीलर ही सेवा देतात. सेवा चांगलीच आहे. पण मशीन घेताना चार गोष्टी तपासल्या नाहीत, तर पंधरा दिवसांत ‘आपल्याला काही हे सोसत नाही’ म्हणून ते परत जाते. खरे तर अशा वेळी दोष बहुतेकदा मास्कचा किंवा सेटिंगचा असतो.

विम्याचा भ्रम आधी दूर करू. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींमध्ये घरी वापरायची टिकाऊ उपकरणे वगळलेली असतात आणि सीपॅप, बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारे मशीन) त्यातच येतात. रात्रभर रुग्णालयात राहून झोपेची तपासणी केली, तरी ‘केवळ निदानासाठी भरती’ हा विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित अपवादांपैकी (भरपाई न मिळणाऱ्या गोष्टींपैकी) एक आहे (पॉलिसीत कोड एक्ससीएल ०४ शोधा). म्हणून दावा करण्यापूर्वी पॉलिसीचे ते पान वाचा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस आणि माजी सैनिकांची ईसीएचएस यांची गोष्ट वेगळी. तिथे मशीन मिळू शकते, पण तपासणीचा अहवाल, तज्ज्ञाची शिफारस आणि पूर्वपरवानगी या क्रमाने. आधी खरेदी करून मग बिल घेऊन गेलात की फाइल अडकली म्हणून समजा. महात्मा फुले योजना रुग्णालयातल्या ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते, घरी न्यायचे मशीन त्यात धरून चालू नका. गावोगावच्या रुग्णसाहित्य केंद्रांत व्हीलचेअर, पलंग, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अनामत ठेवून मिळतात, सीपॅप क्वचित. तरी एक फोन करून बघायला काय जाते?

ज्येष्ठ नागरिकाचा आरोग्यविमाच नसेल, तर जुन्या करप्रणालीत वैद्यकीय खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. अट एवढीच की पैसे रोखीने दिलेले नकोत. डीलर ‘कॅश द्या, हजार कमी करतो’ म्हणाला, तर आधी हा हिशेब करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशन जुन्या दराने तर काढलेले नाही ना, तेही पाहा.

तपासणीशिवाय मशीन घेऊ नका, भाड्यानेसुद्धा. घरी होणारी तपासणी साधारण तीन ते सहा हजारांत होते, लॅबमधली त्याच्या दुपटी-तिपटीने महाग पडते. अहवालात एएचआय हा आकडा बघा. तासाला किती वेळा श्वास बंद पडला किंवा उथळ झाला, ते तो सांगतो. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. घरच्या तपासणीत मेंदूच्या लहरींची नोंद नसते. त्यामुळे माणूस जागा होता की झोपला होता ते कळत नाही आणि भागाकार झोपेच्या तासांऐवजी नोंदीच्या तासांनी होतो. म्हणून आकडा असावा त्यापेक्षा कमी येऊ शकतो. लक्षणे ठळक असून अहवाल ‘सौम्य’ आला, तर डॉक्टरांना हे जरूर विचारा. हृदय कमजोर असेल, अहवालात ‘सेंट्रल’ प्रकारचे (मेंदूकडून श्वासाचा आदेशच न आल्याने होणारे) अडथळे जास्त असतील किंवा वजन खूप असून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढलेला असेल, तर पुढचे सगळे डॉक्टरांवरच सोपवा. साधे ऑटो सीपॅप (गरजेप्रमाणे दाब आपोआप कमी-जास्त करणारे) त्यासाठी नाही. उलट बाजूही आहे. ज्याला साधे सीपॅप पुरते त्याच्या गळ्यात दुप्पट किमतीचे बायपॅप मारण्याची सवय काही दुकानांना आहे. बायपॅप का हवे, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेले असले पाहिजे, डीलरच्या कोटेशनवर नव्हे.

आता भाड्याचे. ऑटो सीपॅपचे महिन्याचे भाडे साधारण तीन ते पाच हजार असते, वर परत मिळणारी अनामत. मास्क यात धरलेला नसतो. तो विकत घ्यावा लागतो आणि उघडल्यावर परत घेत नाहीत, तेही रास्तच. चांगला डीलर पहिल्या महिन्याचे भाडे खरेदीच्या किमतीतून वळते करतो. हे पावतीवर लिहून घ्या. तिसऱ्या महिन्यापासून भाडे हा निव्वळ तोटा. महिना चार हजार धरले, तर दहा महिन्यांत चाळीस हजार, म्हणजे स्वस्तातले एक मशीनच गेले.

मशीन ताब्यात घेताना सुरू करून बघा. एकूण किती तास चालले आहे ते सेटिंगमध्ये दाखवायला सांगा. रेसमेड कंपनीच्या एअरसेन्स १० या मशीनचे कंपनीने सांगितलेले आयुष्य ५ वर्षे आहे. नळी आणि हवा ओलसर करणारी साधी पाण्याची टाकी यांचे मात्र फक्त ६ महिने. भाड्याच्या मशीनबरोबर आधीच्या माणसाची नळी आणि टाकी तशीच येणे, ही या सेवेतली सर्वात सर्रास दिसणारी चालढकल. नवी नळी, नवी टाकी, नवा फिल्टर मागा, थोडे जास्त पैसे पडले तरी. मास्कशिवाय नळीच्या तोंडाशी नाक नेऊन वास घ्या. सिगारेटचा किंवा उदबत्तीचा वास येत असेल, तर तो आतल्या फोममध्ये मुरलेला आहे. धुऊन जाणार नाही, मशीन बदलून घ्या. अडॅप्टर मूळ कंपनीचा आहे ना, तेही पाहा. एअरसेन्स १० ला २४ व्होल्टचा ९० वॉटचा लागतो. कमी ताकदीचा जोडला की मशीन चालल्यासारखे वाटते, पण पाणी गरम होत नाही आणि सकाळी घसा कोरडा.

सेटिंगमध्ये हमखास दिसणारी चूक म्हणजे ऑटो मशीन कारखान्यातून आले तसेच ४ ते २० सेंटीमीटर (पाण्याच्या उंचीत मोजलेल्या) दाबावर सोडून देणे. प्रौढ माणसाला ४ वर हवा अपुरी वाटते, जीव घुसमटतो, आणि तो मास्क ओढून काढतो. बऱ्याच जणांना किमान ६ किंवा ७ बरा वाटतो. श्वास सोडताना दाब उतरवणारी ईपीआर नावाची सोय १ ते ३ वर लावता येते, पण मशीन ४ च्या खाली उतरतच नाही. म्हणजे किमान ४ ठेवून ईपीआर ३ लावले, तर दाब वाढेपर्यंत त्याचा उपयोग शून्य. किमान ७ ठेवले तर श्वास सोडताना ४ मिळतो, आणि ती सोय म्हणजे काय ते तेव्हा कळते. हे आकडे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि डीलरच्या माणसाने तेच भरलेत, हे पडद्यावर डोळ्यांनी बघा.

मास्क हा या सगळ्या प्रकरणाचा आत्मा, आणि पैसे वाचवायची चुकीची जागासुद्धा. साधारण तीन ते नऊ हजारांत मिळतो. तीन प्रकार: नाकपुड्यांत बसणाऱ्या उशा, नाकावरचा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. आपल्याकडे विचार न करता तिसरा दिला जातो, कारण ‘तोंड उघडे राहिले तरी चालते’. पण तो गळतो जास्त, आणि त्यात दाबही बहुतेकदा जास्त लागतो. नाक मोकळे असेल, तर नाकावरच्या मास्कने सुरुवात करा. भरघोस मिशी असेल, तर नाकपुड्यांच्या उशा बघा. मिशीवर सिलिकॉनची कड नीट टेकत नाही आणि हवा गळत राहते. नाक सतत चोंदत असेल, तर मास्क बदलण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. वाकडा पडदा किंवा ॲलर्जी मास्कने सुटत नाही.

मास्क दुकानात खुर्चीवर बसून निवडू नका. आडवे झाल्यावर गाल आणि जबडा सैल पडतात, माप बदलते. डीलरकडे झोपायला बाक नसेल, तर घरी येऊन बसवून द्यायला सांगा. मशीन झोपेतल्या दाबावर चालू करून, उताणे आणि दोन्ही कुशींवर वळून बघा. एअरसेन्समध्ये यासाठी ‘मास्क फिट’ची सोय आहे. पट्टे आवळून गळती थांबवायची नसते. पट्ट्याखाली बोट शिरले पाहिजे. आवळल्यावरच गळती थांबते, तर माप चुकले आहे. सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वण उमटला, तरी तेच. काही मास्कच्या क्लिपमध्ये चुंबक असतात. स्वतःला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर अथवा तत्सम उपकरण बसवलेले असेल, तर तसा मास्क नको.

भाड्याच्या महिन्यातून खरा फायदा उचलायचा तर एसडी कार्ड हवेच. ऑस्कर नावाचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाका, कार्डावरची बारीक कळ ‘लॉक’वर सरकवून (म्हणजे नोंद बिघडणार नाही) ते वाचा, आणि चार गोष्टी बघा: किती तास वापरले, गळती, उरलेला एएचआय आणि दाब. रेसमेडवर मिनिटाला २४ लिटरच्या वर गळती गेली, की बाकीच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. गळती आवरल्यावर एएचआय ५ च्या खाली आला पाहिजे. ‘क्लिअर एअरवे’ प्रकारचेच (श्वासमार्ग उघडा असूनही श्वास थांबण्याचे) अडथळे बरेच दिवस जास्त दिसले, तर डॉक्टरांकडे जा, दाब स्वतः वाढवू नका. आणि आता पैशांची गोष्ट. दोन-तीन आठवड्यांत ९५ टक्के वेळचा दाब (रात्रीचा ९५ टक्के वेळ दाब ज्याच्या वर जात नाही तो आकडा) रोज ९-१० च्या आसपास स्थिर दिसत असेल, तर ऑटो मशीनची गरजच काय? डॉक्टरांना तो आलेख दाखवा. त्यांनी होकार दिला, तर एकाच ठरलेल्या दाबाचे साधे सीपॅप पुरते, आणि दहा-पंधरा हजार वाचू शकतात. दाब रोज ७ ते १४ असा हिंदकळत असेल, तर ऑटोच घ्या.

कोणते घ्यावे? एअरसेन्स १० ऑटोसेट महाग आहे, साधारण साठ ते पंचाहत्तर हजार. पण आवाज कमी, नोंद सविस्तर, सुटे भाग सगळीकडे. बीएमसीचे जी२एस (मुंबईकरांनी दचकू नये, ही चिनी कंपनी आहे) साधारण त्याच्या निम्म्यात येते, आणि सौम्य-मध्यम आजारात गळती सांभाळली तर काम नीट करते. घेण्यापूर्वी त्याचे कार्ड आपल्या संगणकावर वाचता येते का, ते भाड्याच्या काळातच तपासा. अमेरिकेतल्या नातलगाने आणलेले मशीन इथल्या विजेवर चालते, अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा असतो. फक्त इथली वॉरंटी मिळेल असे धरू नका. जुन्या बाजारात फिलिप्सची पहिल्या पिढीची ड्रीमस्टेशन स्वस्तात दिसतात. २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनलेली ही मशीन आतला आवाज-रोधक फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या धोक्यामुळे जून २०२१ मध्ये परत मागवली होती. फोम बदलल्याचा कागद नसेल, तर फुकट मिळाले तरी नको. ड्रीमस्टेशन २ त्या यादीत नव्हते.

पाणी डिस्टिल्डच घाला, केमिस्टकडे मिळते. पेट्रोलपंपावरचे बॅटरीचे पाणी नको. आरओचे पाणी एखाद्या रात्री चालते, बोअरचे टाकीत आठवड्यात पांढरा थर आणते. कोकणात पावसाळ्यात पाण्याची उष्णता कमी किंवा बंद ठेवा. एसी खोलीत गरम वाफ नळीत थंड होऊन पाणी थेट नाकात येते, तेव्हा नळी पांघरुणाखालून घ्या. मशीन उशीच्या पातळीखाली ठेवा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा. लाइट गेल्यावर पाण्याचा हीटर बंद केला, की वीज फारच कमी लागते आणि घरचा असा इन्व्हर्टर रात्र काढतो. मास्क रोज सौम्य साबणाने धुवा. डेटॉल, स्पिरिट आणि ओझोनच्या पेट्या टाळा. फिल्टर कंपनी सहा महिने म्हणते, आपल्या धुळीत दर महिन्याला उजेडात धरून बघा, काळवंडला की बदला. वर्षाला उशी किंवा सिलिकॉनची कड, नळी आणि फिल्टर मिळून चार-सहा हजार बाजूला काढावे लागतील. ते खरेदीच्या दिवशीच हिशेबात धरा.

भाड्याचे मशीन परत करताना आधी कार्डातली नोंद स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्या, मग डीलरसमोर मशीन चालू करून दाखवा, अनुक्रमांकासह पोच घ्या आणि अनामत किती दिवसांत येणार, त्याची तारीख त्याच कागदावर लिहून घ्या. ‘ऑफिसकडून येईल’ एवढ्यावर निघालात, तर पुढचे महिनाभर फोन करत बसाल.