साधा एसएमपीएस की ८० प्लस ब्रॉन्झ?

सिडकोतल्या भाच्याचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलंय. अडलंय ते एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. कॅबिनेटसोबत आलेला ‘४५० वॅट’ ठेवायचा, की ५५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला) घ्यायचा?

खोक्यावरचा आकडा सोडा, अंगावरचं लेबल वाचा. त्याच्या जुन्यावर १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर लिहिलंय, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरला मिळून १९२ वॅट. एकटं कार्डच १७० वॅटपर्यंत खातं, मग प्रोसेसरला उरलं काय? शिवाय कार्डाला लागणारी आठ पिनची वायर त्यात नाहीच. मोलेक्सचा (जुन्या चार पिनच्या वायरीचा) कन्व्हर्टर लावून देणारे भेटतात, पण त्या वाटेला जाऊ नये. पिनांभोवतीचं प्लास्टिक तापून वितळू शकतं. चांगल्या ५५० वॅटवाल्यात १२ व्होल्टवर ५०० वॅटच्या वर मिळतात.

साधा हजाराच्या आत, ब्रॉन्झ त्याच्या चौपट तरी. वीजबिलातला फरक किरकोळ, तो मुद्दा विसरा. आणि ब्रॉन्झ म्हणजे फक्त कार्यक्षमता; ओव्हरलोड, शॉर्टसर्किटचं संरक्षण आहे का, ते वेगळं बघायचं. पावसाळ्यात नाशकात लाइट ये-जा करते, तेव्हा यूपीएस दोन्ही एसएमपीएसना हवाच.

टॅली, टायपिंगच्या पीसीला जुना चालेल. ग्राफिक्स कार्ड बसणार असेल तर ब्रॉन्झच. पैसे कमी पडत असतील तर कार्ड महिनाभर थांबवा.