एका हाताने टायपिंग: स्ट्रोकनंतर विंडोजमधल्या सोयी कितपत पुरतात?

स्ट्रोकनंतर एक हात अजून साथ देत नसेल आणि कामावर रुजू व्हायचं असेल, तर एका हाताचा खास कीबोर्ड घेण्याआधी विंडोजच्या सेटिंग्जमधलं ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा. तिथं बरंच काही फुकट आहे.

सगळ्यात उपयोगी म्हणजे स्टिकी कीज. शिफ्ट लागोपाठ 5 वेळा दाबली की चालू करायची का, असं विचारलं जातं. मग शिफ्ट दाबून सोडायची आणि नंतर अक्षर दाबायचं. दोन्ही एकदम धरावं लागत नाही. शिफ्ट दोनदा दाबली तर अडकून राहते, तिसऱ्यांदा दाबली की सुटते. मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची कीबोर्ड मांडणी) वापरणाऱ्यांना तर याचा जास्तच फायदा, कारण ख, घ, थ, ध, भ आणि अ, आ, इ सगळे शिफ्टवरच आहेत. पण इनस्क्रिप्टमध्ये स्वर डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे असल्याने एकाच हाताला सतत इकडून तिकडे जावं लागतं आणि मनगट दुखतं. कीबोर्ड थोडा सरकवून अक्षरांचा मधला भाग चांगल्या हातासमोर आणा.

खोट एकच, पण त्रासदायक: शिफ्टसारखं बटण आणि दुसरं एखादं बटण एकदम दाबलं गेलं की स्टिकी कीज बंद होते. अधू हात कीबोर्डवर टेकला तरी हे होऊ शकतं, आणि माणसाला वाटतं आपलंच चुकतंय. असं आपोआप बंद होण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आधीच काढून टाका. उजवी शिफ्ट 8 सेकंद दाबून राहिली तर फिल्टर कीज चालू होऊ शकते आणि भराभर दाबलेली बटणं उमटेनाशी होतात. तिचाही शॉर्टकट बंद करा.

माऊसमधलं क्लिकलॉक फारसं कुणी सुचवत नाही, पण बटण धरून न ठेवता मजकूर निवडता येतो, फाईल ओढता येते. डाव्या हाताने माऊस धरायचा असेल तर मुख्य बटणही बदलून घ्या.

बोलून टायपिंगबद्दल मात्र सावध राहा. उच्चार अडखळत असतील तर दुरुस्त्यांतच वेळ जातो, आणि शब्दच सुचत नसतील तर त्याचा उपयोग नाही. तिथं वाचा-उपचारतज्ज्ञ हवेत. स्ट्रोकमुळे डाव्या बाजूकडे लक्षच जात नसेल, तर यातली एकही सोय त्यावर उपाय नाही. पडद्याच्या डाव्या कडेला उठावदार रंगाची पट्टी चिकटवा आणि प्रत्येक ओळ त्या पट्टीपासून वाचायची सवय ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून करून घ्या.