ओरेगॉनच्या समुद्रातला प्रकाशाचा डेटा: 7 मीटरवरचा स्थिर सेन्सर घ्यायचा की प्रोफायलर?

ओशन ऑब्झर्व्हेटरीज इनिशिएटिव्ह, म्हणजे ओओआय हा समुद्रात कायमची उपकरणं बसवून मोजमापं घेणारा अमेरिकी प्रकल्प. त्याचा डेटा फुकट मिळतो, त्यामुळे पाण्यातल्या प्रकाशावर प्रोजेक्ट करणारे बरेच जण तिकडेच वळतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यावरच्या न्यूपोर्टच्या समोर साधारण 600 मीटर खोल पाण्यात त्यांची ओरेगॉन ऑफशोअर साइट आहे. तिथे दोन पर्याय आहेत. एक, बोयाखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या, तळाशी नांगरलेल्या उपकरणाखाली) 7 मीटरवरच्या फ्रेमवर बसवलेला, सात रंगपट्ट्यांत प्रकाश मोजणारा सेन्सर. दुसरा, किनाऱ्यावरून केबलने वीज मिळणारा शॅलो प्रोफायलर, म्हणजे वर-खाली फिरत मोजणारं उपकरण, जे 200 मीटरवरच्या प्लॅटफॉर्मवरून दिवसातून नऊ वेळा वर येतं आणि परत खाली जातं.

आधी मोठी भानगड सांगते, ती म्हणजे फाउलिंग, सेन्सरवर शेवाळ वगैरे चढणं. 7 मीटरवर ऊन भरपूर असतं, उन्हाळ्यात अपवेलिंगमुळे, म्हणजे खोलचं पाणी वर आल्यामुळे, पाण्यात पोषकद्रव्यंही भरपूर, मग वर तोंड करून बसलेल्या काचेवर शेवाळाचा थर चढणारच. आकडा हळूहळू उतरत जातो आणि बघणाऱ्याला वाटतं की प्लँक्टन वाढलंय. आकडा शक्य त्या मर्यादेत आहे का एवढंच बघणाऱ्या ऑटोमॅटिक रेंज टेस्टला यात काहीच खटकत नाही, कारण अर्धा झालेला प्रकाशसुद्धा शक्य त्या रेंजमध्येच असतो. म्हणून डेटासोबतचा या टेस्टचा शेरा, म्हणजे फ्लॅग, 'पास' दिसला म्हणून डेटा चांगला असं अजिबात धरू नका. प्रोफायलर मात्र बराच वेळ खाली अंधारात, थंड पाण्यात थांबतो, त्यामुळे त्याच्यावर थर सावकाश चढतो.

पण माझ्या मते खरा फरक गणितात आहे. प्रकाश खोलीबरोबर किती वेगाने कमी होतो, म्हणजे केडी, हे काढायचं असेल तर प्रोफायलरमध्ये एकच काच सगळ्या खोलींवरून जाते, ती 20 टक्के मळली असली तरी सगळे आकडे सारख्याच प्रमाणात कमी होतात, आणि आकड्यांचा लॉग घेऊन खोलीसमोर मांडला की जो उतार मिळतो (तोच केडी), तो जिथल्या तिथे राहतो! दोन स्थिर सेन्सरमध्ये असं होत नाही. समजा 5 मीटर अंतरावर दोन सेन्सर आहेत आणि फक्त वरचा 20 टक्के मळलाय, तर केडीमध्ये 0.045 प्रति मीटरची चूक येते. स्वच्छ निळ्या पाण्यात केडीच 0.03 च्या आसपास असतो, म्हणजे उत्तर उणे येईल, खोल गेल्यावर उजेड वाढतो असं. इथे तर 7 मीटरवर एकच सेन्सर, त्यामुळे केडीसाठी बोयावरच्या हवेतल्या मोजमापाचा आधार घ्यावा लागतो, आणि पाण्यातली काच मळली की चूक थेट उत्तरात उतरते.

तिरपेपणाही बघा. सूर्य डोक्यावरून 45 अंश कलला असताना पाण्यातला सेन्सर 10 अंश सूर्याकडे झुकला तर, पाण्यात शिरताना किरण वळतात हे धरून, थेट उन्हाचा आकडा सुमारे 9 टक्के जास्त येतो, उलटीकडे झुकला तर 12 टक्के कमी. लाटांवर हलणाऱ्या बोयाला हे सतत होत असतं, म्हणून एकेक रीडिंग न घेता मीडियन घ्या.

प्रोफायलरही निर्दोष नाही. दर साधारण पावणेतीन तासांनी एक फेरी, म्हणजे डिसेंबरच्या छोट्या दिवसात उजेडातल्या फेऱ्या जेमतेम तीन-चार मिळतात. वर येता येता ढग आला की त्या प्रोफाइलचा उतार बिघडतो, आणि समुद्र खवळला असेल तर वरचे काही मीटर सुटतात. दिवसभराची प्रकाशाची बेरीज हवी असेल तर याने भागत नाही, तिथे स्थिर सेन्सरच लागतो.

तेव्हा केडी हवा असेल तर मी डोळे मिटून प्रोफायलर घेईन. रोजच्या प्रकाशाची मालिका हवी असेल तर 7 मीटरचा, पण मूरिंग (बोया आणि त्याला तळाशी नांगरणारी सगळी रचना) टाकल्यानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांपुरताच, आणि पुढचा डेटा तपासून मगच. तपासणी तशी सोपी आहे: स्वच्छ दुपारच्या वेळा निवडून 7 मीटरच्या आकड्याला बोयावर हवेत मोजलेल्या शॉर्टवेव्ह रेडिएशनने, म्हणजे वरून येणाऱ्या उन्हाच्या आकड्याने, भागा. ब्लूम, म्हणजे प्लँक्टनची तात्पुरती मोठी वाढ, असेल तर गुणोत्तर खाली जाऊन परत वर येतं, फाउलिंग असेल तर बहुतेक वेळा उतरतच जातं आणि वसंतात किंवा शरदात मूरिंग बदललं की एकदम उडी मारतं. रात्रीचे आकडेही काढून बघा, ते शून्याजवळ नसतील तर डार्क ऑफसेट, म्हणजे अंधारातला सेन्सरचा मूळ आकडा, सरकलाय. क्लोरोफिलच्या फ्लोरोमीटरवरून (चमक बघून पाण्यातलं क्लोरोफिल मोजणाऱ्या उपकरणावरून) खात्री करायला जाल तर जपून, त्याच फ्रेमवर तोही मळतो, आणि काचेवरच्या शेवाळामुळे त्याचा आकडा बऱ्याचदा उलटा वर जातो.