शिंगलच्या छपरात डब्ल्यू घडीच्या पत्र्याची व्हॅली: काही महिन्यांच्या वापरानंतर

दोन उतार आत वळून मिळतात त्या व्हॅलीत शिंगल (छपरावर ओळीने बसवायचे डांबरी तुकडे) एकमेकींत न विणता, पत्रा घालून ती उघडी ठेवली. कडक ऊन आणि मुसळधार पाऊस, दोन्ही त्यावरून गेले आहेत. आतल्या फळ्या कोरड्या आहेत. पत्रा चांगलाच आहे, पण अशी व्हॅली गळली तर दोष बहुतेक वेळा पत्र्याचा नसतो. तो शिंगलची कड आणि खिळा यांचा असतो.

पत्रा 26 गेज गॅल्वनाइज्ड, 24 इंच रुंद, 10 फुटी तुकड्यांत, मधोमध सुमारे 1 इंच उंच उभी घडी (हीच डब्ल्यू घडी). दोन्ही उतार सारखे असतील तर सपाट पत्राही चालतो. एक उतार जास्त तीव्र असेल तर मात्र सपाट घेऊच नका. तीव्र बाजूचं पाणी जोरात येऊन समोरच्या शिंगलखाली चढतं, ते ही घडी अडवते.

पत्र्याखाली 36 इंच रुंद चिकट मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर) पूर्ण लांबीभर. एका बाजूचा कागद काढून अर्धी चिकटवायची, मग दुसरी. कोनात ती फळीला घट्ट टेकलीच पाहिजे. खाली पोकळी राहिली तर पत्रा दाबला जाताना तिथेच फाटते.

पत्र्यात खिळे मारू नका. कडा अर्धा इंच उलट दुमडायच्या आणि त्याच धातूच्या क्लिपा दर दोन फुटांवर अडकवून खिळे क्लिपांत मारायचे. तापमानात 50 अंशांचा फरक पडला की 10 फुटी पोलादी पत्रा जवळजवळ 2 मिमी लांबतो, अॅल्युमिनियमचा त्याच्या सुमारे दुप्पट. खिळ्यांनी जखडला की तो फुगतो आणि भोकं मोठी होतात. खाली घसरू नये म्हणून फक्त वरच्या टोकाला दोन खिळे, तेही पुढचा तुकडा झाकेल तिथे. काम वळचणीपासून आढ्याकडे, वरचा तुकडा खालच्यावर 12 इंच चढवून. या बेतात आतापर्यंत पत्रा कुठेही फुगलेला नाही.

शिंगल कापण्यासाठी सूत मारताना आढ्यापाशी मधल्या रेषेपासून दोन्हीकडे 3-3 इंच, म्हणजे एकूण 6 इंच उघडं ठेवा, आणि खाली येताना ही रुंदी दर फुटाला 1/8 इंच वाढवा. 16 फुटांच्या व्हॅलीत वळचणीशी 8 इंच होतात. खाली पाणी वाढत जातं, आणि पानंही न अडकता सरकतात.

आता सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट. व्हॅलीकडे येणाऱ्या प्रत्येक शिंगलचा वरचा टोकदार कोपरा 45 अंशांत सुमारे 1 इंच छाटायचा. न छाटलेलं टोक पत्र्यावरून येणारं पाणी अडवतं आणि ते शिंगलच्या वरच्या कडेने आडवं आत शिरतं. डाग मग व्हॅलीपासून बराच लांब उमटतो, आणि लोक भलतीकडेच गळती शोधत बसतात. कडेखाली 3 इंच रुंद डांबरी सिमेंटचा पातळ पट्टा हवा. जाड थर दिला तर शिंगलला फोड येतात. मधल्या रेषेपासून 6 इंचांच्या आत एकही खिळा नको. जमेल तिथे पत्र्याबाहेरच मारा. शेवटी आखूड तुकडा येत असेल तर सांधा मागे घ्या, व्हॅलीवर मोठी शिंगल येऊ द्या.

कापताना खाली पत्र्याचा फालतू तुकडा ठेवा. सुरीचा ओरखडा जस्ताच्या थरातून गेला की तिथून गंजाची रेघ धरते. वरच्या भागात तांब्याचं काही असेल तर गॅल्वनाइज्ड पत्रा टाळा; तांब्यावरून आलेलं पाणी जस्त खातं.

वापरात दोन तक्रारी आहेत. मधल्या घडीवर पाय पडला तर ती चेपते आणि पुन्हा सरळ होत नाही, त्यामुळे साफसफाईला व्हॅलीत उभं राहता येत नाही. दुसरी, खालच्या तोंडाशी शिंगलच्या पृष्ठभागावरचे बारीक खडे साठतात. नव्या छपरात ते सुटतातच, पण पन्हळ तुंबली तर त्यांच्यामागे पानं अडतात आणि पाणी कडेवर चढतं. पन्हळ मोकळी ठेवा, आणि जोराच्या पावसानंतर माळ्यावरून टॉर्च मारून व्हॅलीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या दोन-दोन फुटांपर्यंत तपासा.