लाल हेडटॉर्च: मस्त, पण बटणाने वाट लावली
पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) घासाघीस करून घेतला, वेल्ह्याला तारे बघायला. फरक पडतो राव, अंधाराला डोळे सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि मोबाईलचा पांढरा उजेड ते क्षणात घालवतो, याच्या मंद लाल उजेडात नकाशा बघितला तरी मृगातला अंधुक तेजोमेघ परत लगेच दिसला. आता घरीपण रात्री पाणी प्यायला उठलो की हाच, कारण शरीराच्या घड्याळाला खबर देणाऱ्या डोळ्यातल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला जास्त चाळवतात, लालला फारशा नाही (बायको हसते, हसूदे). पण बटण! पहिल्या क्लिकला पांढराच लागतो, मग लाल. कुणी डोकं चालवलंय काय माहीत. पांढऱ्या एलईडीवर काळी चिकटपट्टी मारलीये.