कोटलिनची नल सेफ्टी: रोज वापरणारीचा रिव्ह्यू (4/5)

अँड्रॉइडचं काम करते, आधी सगळं जावा या प्रोग्रामिंग भाषेत होतं, आता कोटलिन या भाषेत. नल म्हणजे 'इथे व्हॅल्यूच नाही', आणि ती आहे असं धरून वापरायला गेलं की येतो तो नल पॉइंटर एक्सेप्शन हा एरर; त्याने ॲप क्रॅश होणं ज्यांनी भोगलंय त्यांच्यासाठी लिहितेय. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी नल रेफरन्स आणला आणि 2009 मध्ये स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं, एवढा जुना त्रास आहे हा.

कोटलिनमध्ये नुसतं स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) लिहिलं की व्हॅल्यू असणारच, आणि नसू शकत असेल तर स्ट्रिंगपुढे प्रश्नचिन्ह लावायचं. फॉर्ममधलं वडिलांचं नाव घ्या, कोणी भरतं कोणी रिकामं सोडतं, तर त्याला प्रश्नचिन्ह लावून मग त्याची लांबी मोजायला थेट डॉट लेंग्थ लिहून बघा, कोड कंपाइलच होत नाही, म्हणजे ॲप तयारच होत नाही! आधी नल नाही ना ते तपासा, नाहीतर एल्विस ऑपरेटरने (?: या चिन्हाने) नल असल्यास वापरायची डीफॉल्ट व्हॅल्यू द्या. एकदा इफमध्ये तपासलं की पुढे कंपायलर ते लक्षात ठेवतो, परत परत विचारत नाही, हे मला फार आवडतं. जावा 8 मध्ये ऑप्शनल, म्हणजे आत व्हॅल्यू असेल किंवा नसेल असा डबा, आलं खरं पण तो ऑप्शनल स्वतःच नल असू शकतो, मग काय उपयोग.

एक स्टार का कापला ते सांगते. सर्व्हरकडून प्रोफाइल अपडेट येतं तेव्हा 'पत्ता' हे फील्ड आलंच नाही तर पत्ता बदलू नका, आणि फील्ड आलं पण व्हॅल्यू नल असेल तर पत्ता पुसून टाका, या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत ना, पण कोटलिनमध्ये दोन्हीकडे नलच हातात येतो आणि दोन प्रश्नचिन्हं लावली तरी एकच धरलं जातं. रस्ट या भाषेत ऑप्शनच्या (तिथल्या अशाच डब्याच्या) आत ऑप्शन ठेवता येतो, म्हणून दोन्ही वेगळं कळतं. इथे वेगळा सील्ड क्लास (ठरलेल्या पर्यायांपैकीच एक असणारा टाइप) लिहावा लागतो, आणि तो लिहाच, कारण नाहीतर लोकांचा डेटा उडतो.

दुसरं म्हणजे जेसन (सर्व्हरकडून डेटा येतो तो फॉरमॅट) वाचायला जीसन ही लायब्ररी वापरत असाल तर जपून. जेसनमध्ये फील्ड नसेल तर प्रश्नचिन्ह नसलेल्या फील्डमध्येही जीसन गुपचूप नल ठेवतो आणि क्रॅश भलत्याच स्क्रीनवर होतो. त्याऐवजी कोटलिनएक्स सीरियलायझेशन ही लायब्ररी घ्या, ते तिथल्या तिथे एरर देतं. आणि दोन उद्गारचिन्हं लावून, म्हणजे 'हे नल नाहीच' असं ठासून सांगून, कंपायलरला गप्प करायची सवय टीमला लागू देऊ नका, कोड रिव्ह्यूमध्येच अडवा.