पीबीआयएस: पूर्ण शालेय वर्ष राबवल्यानंतरचा अनुभव

सप्टेंबर ते जून असं अख्खं वर्ष आमच्या शाळेत पीबीआयएस, म्हणजे मुलांना चांगलं वागणं शिकवण्याची शाळाभराची पद्धत, राबवलं. मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी मिडल स्कूलमध्ये सहावीला गणित शिकवते, आणि हे बसवणाऱ्या आठ जणांच्या टीममध्ये पहिल्या दिवसापासून होते. कुणाच्या शाळेत याचा विचार चालू असेल तर आमचं काय जमलं नि काय फसलं ते कामी यावं, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॉझिटिव्ह बिहेवियरल इंटरव्हेन्शन्स अँड सपोर्ट्स हे पूर्ण नाव. १९९७ साली अमेरिकेच्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ही कल्पना कायद्यात आली. त्यानंतर ओरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज सुगाई आणि रॉब हॉर्नर यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. गाभा साधा आहे. वागणंसुद्धा गणितासारखं शिकवायचं. अपेक्षा पाचापेक्षा जास्त नकोत, आणि त्या ‘हे करू नका’ अशा नकोत, ‘हे करा’ अशा हव्यात. जिना, कॅफेटेरिया, बस, बाथरूम, प्रत्येक जागी त्या कशा पाळायच्या हे तिथेच उभं राहून करून दाखवायचं. जमलं की तसं तोंडाने सांगायचं, चुकलं की पुन्हा शिकवायचं. हा पहिला थर सगळ्यांसाठी. साधारण ८० टक्के मुलांना तेवढं पुरतं असं धरतात. पुढच्या १५ टक्क्यांना थोडी जास्त मदत लागते, आणि शेवटच्या ५ टक्क्यांसाठी एकेका मुलाचा वेगळा आराखडा करावा लागतो.

मी सांगली जिल्ह्यात शिकले. पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारणारे सर मला अजून आठवतात. न्यू जर्सीत शाळेत मारायला १८६७ पासून बंदी आहे. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ साली तशी तरतूद केली. पण मार बंद झाला म्हणून शिक्षा संपत नाही, हे मी इथे रोज बघत होते. रेफरल (मुलाला ऑफिसला पाठवण्याचा फॉर्म), डिटेन्शन (शिक्षा म्हणून थांबवून ठेवणं), सस्पेन्शन (काही दिवस शाळेबाहेर ठेवणं), आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर दर आठवड्याला तीच ती मुलं.

सुरुवातीलाच अडलो. किमान ८० टक्के स्टाफ तयार असल्याशिवाय हात घालू नये, असा सल्ला सगळीकडे देतात. आमच्या पहिल्या मतदानात तेवढी मतं पडली नाहीत. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या दोघी-तिघींचा प्रश्न रास्त होता: जे करायलाच हवं त्याचं बक्षीस कशाला? आम्ही त्यांतल्या एकीला टीममध्येच घेतलं. वर्षभरातला तो आमचा सर्वांत चांगला निर्णय. टीममध्ये शिक्षकांबरोबर असिस्टंट प्रिन्सिपल, काउन्सेलर, एक पॅरा (वर्गातली मदतनीस), एक पालक आणि एक लंच एड (जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणारी) अशी माणसं होती. लंच एडला मुलांबद्दल जे ठाऊक होतं ते आम्हा कुणालाच नव्हतं.

सगळ्यात जड गेली ती ऑगस्टमधली एक बैठक. कोणती गोष्ट वर्गातच निस्तरायची आणि कोणती ऑफिसला पाठवायची, याची यादी करायची होती. मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. काउन्सेलरने सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली आणि एकच प्रसंग सांगितला. मुलगा बाकावर डोकं टेकून बसलाय, वही उघडलेली नाही. तुम्ही दुसऱ्यांदा सांगितलंत तेव्हा तो म्हणाला, “व्हॉटएव्हर.” आता तुम्ही काय कराल? चिठ्ठ्या उघडल्या तर जवळपास निम्म्या लोकांनी लिहिलं होतं ‘ऑफिस’ आणि निम्म्यांनी ‘वर्गातच’. कुणी काही बोलेना. म्हणजे त्या मुलाची दुपार कशी जाणार हे त्याच्या वागण्यावर कमी आणि तो कुणाच्या वर्गात बसलाय यावर जास्त ठरत होतं. त्यानंतर अडीच तास आम्ही ‘उद्धटपणा’ या एका शब्दाशी झगडत होतो. शेवटी असं ठरलं की रेफरलवर तो शब्द नुसता लिहायचा नाही. मूल काय म्हणालं, काय केलं, ते जसंच्या तसं लिहायचं.

या पद्धतीने आमच्या शाळेला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी ती बैठकच सांगते. मुलांसाठीचे अपेक्षांचे पोस्टर नंतर लागले. आधी मोठ्यांचं एकमत व्हावं लागलं.

आकड्यांचा उपयोग मला आधी पटला नव्हता. काय घडलं, कुठे, किती वाजता, कुणाकडून, किती वेळा, एवढंच दर महिन्याला बघायचं असतं. त्यासाठी स्विस (SWIS) नावाचं सॉफ्टवेअर मिळतं, पण त्याची वर्षाची फी आहे. छोट्या शाळेला साधी एक्सेल शीटही चालेल. ऑक्टोबरमध्ये दिसलं की जेवणाच्या सुट्टीनंतरची बरीचशी भांडणं जिमजवळच्या एकाच जिन्यावर होतात. सातवी आणि आठवीचे लोंढे तिथे समोरासमोर येत होते. आम्ही एका इयत्तेला दोन मिनिटं आधी सोडायला लागलो, आणि दोन शिक्षक जिन्याच्या वळणावर उभे राहून मुलांना नावाने हाक मारून पुढे पाठवू लागले. शिक्षा कुणालाच केली नाही. तिथली भांडणं जवळजवळ थांबली.

दुसरा तक्ता वाईट वाटायला लावणारा होता. अमेरिकेत काळ्या मुलांना ऑफिसला जास्त पाठवलं जातं हे जगजाहीर आहे, म्हणून रेफरल वंशानुसार वेगळे करून बघितले. मारामारीत फार फरक नव्हता. ‘उद्धटपणा’त होता. मी माझे स्वतःचे रेफरल काढून बसले तेव्हा तेच दिसलं, आणि बहुतेक सगळे शेवटच्या तासाचे, मी दमलेली असतानाचे. आता त्या तासाला फॉर्मला हात लावण्याआधी मी फळ्याशी जाते, पुढचं गणित लिहिते, मग मुलाच्या बाकाशी जाऊन हळू आवाजात बोलते. त्या एका मिनिटात पुष्कळ रेफरल लिहायचे राहून जातात.

काय फसलं? तिकिटं. चांगल्या वागण्याला छापील तिकीट द्यायचं आणि ती जमली की शाळेच्या दुकानातून वस्तू घ्यायची, असं ठेवलं होतं. नोव्हेंबरपर्यंत मुलं दार उघडून धरायची आणि हात पुढे करायची. काही शिक्षक ढीगभर वाटायचे, काही एकही नाही. तिकीट देताना नेमकं काय आवडलं ते सांगायचं असतं, तेच राहून गेलं. जानेवारीत सगळं ढिलं पडलं. सुट्टीनंतर पुन्हा शिकवण्याचा आठवडा ठेवायलाच हवा, तो आम्ही ठेवला नव्हता. कुणी रजेवर असेल तेव्हा येणाऱ्या बदली शिक्षकांना तर कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

पालकांच्या संध्याकाळी एक मराठी बाबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही आपलं माणूस. दोन ठेवून दिल्यात तरी आमची हरकत नाही.” मी त्यांना मुलाचं कार्ड दाखवलं. ते बराच वेळ वाचत होते.

कार्ड म्हणजे दुसऱ्या थरातलं चेक-इन चेक-आउट. सकाळी एका ठरलेल्या मोठ्या माणसाला भेटायचं, दर तासाला शिक्षक शून्य, एक किंवा दोन गुण देतात, शाळा सुटताना त्याच माणसाबरोबर बेरीज, आणि घरी सही. लक्ष्य साधारण ८० टक्क्यांचं. माझ्या वर्गातल्या एका मुलाने आपला माणूस म्हणून आमच्या कस्टोडियनला, म्हणजे शाळेची साफसफाई बघणाऱ्या माणसाला, निवडलं. दोघंही घरी स्पॅनिश बोलतात. सकाळी पावणेआठला तो मुलगा झाडू-बादल्यांच्या खोलीच्या दारात उभा असायचा, कार्डाला घडी न पडावी म्हणून ते गणिताच्या पुस्तकात ठेवून. पहिल्या दोन आठवड्यांत एकदाही लक्ष्य गाठलं नाही, तरी एकही दिवस चुकला नाही. मार्चमध्ये कार्ड बंद करू या म्हटलं तर तो म्हणाला, कार्ड नको, पण सकाळी जाऊ ना? आम्ही हो म्हटलं.

अंमलबजावणी नीट आहे का हे तपासायला टीएफआय नावाची फुकट प्रश्नावली आहे. ७० टक्के गुण म्हणजे ठीक. त्यात बाहेरचं माणूस येऊन हॉलवेत भेटेल त्या मुलाला शाळेच्या अपेक्षा विचारतं, त्यामुळे कागदोपत्री रंगवता येत नाही. शरद ऋतूत आम्ही ७० च्या खाली होतो, मेमध्ये वर आलो.

पुढच्या वर्षी दुकान बंद करणार आहोत. बदली शिक्षकांच्या फाइलमध्ये एक पान घालणार, बस ड्रायव्हरांना ऑगस्टच्या प्रशिक्षणाला बोलावणार, जानेवारीचा पहिला आठवडा फेरशिकवणीला ठेवणार. आणि ती चिठ्ठीची बैठक पुन्हा घेणार, कारण पाच नवे शिक्षक येताहेत.